उच्च प्रवाहाची स्टेपर मोटर आणि तिचे चालक-मंडल

प्रयोगशाळेत एखादी वस्तू ठरावीक कोनातून फिरवावयाची असली किंवा ठरावीक अंतराने पुढे सरकवावयाची असली, म्हणजे आज बहुधा स्टेपर मोटरचा आश्रय केला जातो. ध्वनिमापनाच्या खोलीतील ध्वनिक्षेपक अंशाअंशाने फिरविणारे वर्तुळाकार मेज असो, दुर्बिणीचा आस असो, की नमुना धरून ठेवणारा सरकता मंच असो. या मोटरीचा गुण सर्वत्र एकच सांगितला जातो. तो हा की, ती कोठे उभी आहे हे पाहण्यासाठी वेगळ्या मापकाची गरज पडत नाही. किती पायऱ्या चालावयास सांगितले एवढे मोजले, की स्थान समजले.

परंतु याच गुणाच्या पोटात एक दोषही दडलेला आहे. मोटरीला सांगितलेली पायरी तिने खरोखर चढली किंवा नाही, याची वार्ता परत येत नाही. भार जड झाला, वेग वाढला, प्रवाह अपुरा पडला आणि मोटर जागच्या जागी घसरली, तरी गणती पुढे चालूच राहते; आणि वहीत वा संगणकात असा कोन नोंदला जातो की ज्या कोनाला ते मेज कधी पोचलेच नव्हते. लहान मोटरीच्या बाबतीत हा प्रसंग क्वचित् येतो, कारण तेथे भारही लहान असतो. पाच-सहा अँपिअर वा त्याहून अधिक प्रवाह घेणाऱ्या मोटरींच्या बाबतीत मात्र चालक-मंडलाची निवड चुकली, तर केवळ एखादा ट्रान्झिस्टर जळून भागत नाही. महिनोन्‌महिने चाललेली मापने निमूटपणे खोटी होत जातात. जळालेला भाग निदान वासाने तरी कळतो.

येथे परिभाषेविषयी थोडा खुलासा इष्ट आहे. इंग्रजीतील 'ड्रायव्हर' या शब्दासाठी 'चालक' हा शब्द मराठीत सहज रुळतो. तथापि हिंदी पाठ्यपुस्तकांत ज्या पदार्थातून वीज वाहते त्यालाच 'चालक' म्हणतात, आणि मराठीत त्यास 'वाहक' हा शब्द आहे. म्हणजे एस. टी. च्या गाडीत चालक आणि वाहक या दोन स्वतंत्र व्यक्ती असतात, त्या हिंदी विज्ञानात एकमेकींच्या जागा घेतात! दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा गोंधळ टळावा म्हणून प्रस्तुत लेखात मोटरीला प्रवाह पुरविणाऱ्या संपूर्ण विद्युत् रचनेस 'चालक-मंडल' असे म्हटले आहे. पुढे दिसून येईल की, या विषयातील बऱ्याच चुका मुळात यंत्राच्या नसून शब्दांच्या अर्थाच्या आहेत.

आज सर्रास वापरली जाणारी संकरित जातीची स्टेपर मोटर रचनेने साधी आहे. तिच्या फिरत्या भागात, म्हणजे घूर्णकात, एक कायम चुंबक आसाच्या दिशेने बसविलेला असतो व त्याच्या दोन्ही टोकांना दातेरी टोप्या असतात. प्रत्येक टोपीला ५० दाते असतात. मात्र एका टोपीचे दाते दुसरीच्या दात्यांच्या बरोबर मधोमध येतील अशा रीतीने त्या बसवितात. सभोवतालच्या स्थिर भागावर, म्हणजे स्थाणुकावर, वेटोळ्यांचे दोन संच असतात. त्यांना कला असे म्हणतात. दोन कलांतील प्रवाहांच्या दिशा क्रमाने बदलत गेल्या, की चार पायऱ्यांत घूर्णक एका दात्याइतका सरकतो. अर्थात् पूर्ण फेऱ्यास ५० गुणिले ४, म्हणजे २०० पायऱ्या लागतात आणि एक पायरी १.८ अंशांची होते. या रचनेचे पेटंट फायरटॅग व डोनाहू यांना अमेरिकेत १९५२ साली मिळाले. पण तेव्हा तिच्याकडे मंद गतीने फिरणारी समकालिक मोटर म्हणून पाहिले जात होते. पायरीपायरीने चालणे हे तिचे पुढे सापडलेले कार्य होय.

आता एक मोटर उदाहरणासाठी घेऊ. पुढील चौकोनी बाजू ८६ मिलिमीटरची. प्रत्येक कलेचा प्रवाह ६ अँपिअर, रोध ०.५ ओहम, प्रवर्तकता ४ मिलिहेन्री. तिच्या नामपट्टीवर किंवा माहितीपत्रकात '३ व्होल्ट' असेही छापलेले आढळते. नवशिका येथेच फसतो. मोटर तीन व्होल्टची आहे, तेव्हा तिला तीन, फार तर पाच व्होल्टचा पुरवठा द्यावा असे तो समजतो. आणि चालक-मंडलाच्या माहितीत '२४ ते ८० व्होल्ट' असे वाचले म्हणजे ती दोन्ही एकमेकांना जुळत नाहीत असा निष्कर्ष काढतो. वस्तुतः ३ व्होल्ट ही आज्ञा नाही; तो एक गुणाकार आहे. ६ अँपिअर गुणिले ०.५ ओहम, एवढाच त्याचा अर्थ. मोटर स्तब्ध असताना वेटोळ्यातून ६ अँपिअर वाहत असतील, तर त्याच्या दोन टोकांमध्ये ३ व्होल्ट आढळतील, असे ते विधान आहे. कार्य कोणते व कारण कोणते याची येथे उलटापालट होते. मोटरीच्या दृष्टीने पाळावयाची मर्यादा प्रवाहाची आहे, कारण उष्णता प्रवाहाने होते. विद्युत् दाब हा प्रवाह त्वरेने आणण्याचे साधन आहे.

त्वरेची गरज का, हे पाहणे अगत्याचे आहे. वेटोळ्यातील प्रवाह त्याच्या प्रवर्तकतेमुळे एकाएकी बदलत नाही. वरील मोटरीत प्रवर्तकतेला रोधाने भागिले असता ८ मिलिसेकंद येतात. हा तिचा कालांक होय. तीन व्होल्टचा पुरवठा दिला, तर इतक्या काळात प्रवाह अंतिम मूल्याच्या सुमारे ६३ टक्क्यांवर पोचतो. आता मोटर सेकंदास ५ फेरे फिरवावयाची आहे असे समजा. सेकंदास १,००० पायऱ्या झाल्या, आणि पूर्ण पायऱ्यांच्या पद्धतीत प्रत्येक कलेतील प्रवाहाची दिशा दर दोन पायऱ्यांनी, म्हणजे दर २ मिलिसेकंदांनी उलटली पाहिजे. शून्यापासून निघालेला प्रवाह तेवढ्या वेळात जेमतेम १.३ अँपिअरपर्यंत जातो. आणि येथे तर त्याला विरुद्ध दिशेच्या मूल्यापासून निघावयाचे आहे. शिवाय फिरणारा चुंबक वेटोळ्यात स्वतःचा विरोधी दाब निर्माण करतो तो वेगळाच. अशा मोटरीचा पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, वेग वाढताच नाहीसा व्हावा यात नवल नाही. तीच मोटर ६० व्होल्टवर चालविली, तर रोध व विरोधी दाब क्षणभर बाजूस ठेवता, प्रवाह सेकंदास १५,००० अँपिअर या गतीने वाढू लागतो आणि ०.४ मिलिसेकंदात ६ अँपिअर गाठतो. प्रश्न एवढाच उरतो की, सहा गाठल्यावर त्याला थांबवावयाचे कसे? कारण ६० व्होल्टच्या खाली ०.५ ओहमचे वेटोळे नुसते सोडून दिले, तर प्रवाह १२० अँपिअरच्या दिशेने धाव घेईल.

जुना उपाय असा होता की, मोटरीशी एकसरीने बाहेरून रोध जोडावयाचा. एकूण रोध १० ओहम केला म्हणजे ६० व्होल्टला प्रवाह सहावर स्थिर होतो व कालांकही ०.४ मिलिसेकंदावर येतो. हिशेब निर्दोष आहे; फक्त बाहेरच्या ९.५ ओहममध्ये प्रत्येक कलेमागे ३४२ वॅट उष्णता होते. दोन कला मिळून ६८४ वॅट, तेही मोटर नुसती उभी असताना. मोटर स्वतः ३६ वॅट घेते आणि तिच्या शेजारी विजेची शेगडी जळते, असा हा संसार आहे. लहान प्रवाहाच्या मोटरींना तो परवडत असे. उच्च प्रवाहाच्या मोटरींना परवडत नाही.

आजचे बहुतेक सर्व चालक-मंडल प्रवाह तोडून-जोडून नियंत्रित करते. प्रत्येक कलेसाठी चार ट्रान्झिस्टरांचा एक पूल असतो. समोरासमोरची जोडी सुरू केली की प्रवाह एका दिशेने वाहतो, दुसरी जोडी सुरू केली की उलट दिशेने. प्रवाहाच्या मार्गात एक अगदी लहान रोध बसविलेला असतो व त्यावरील दाब हे प्रवाहाचे माप असते. ते माप ठरविलेल्या मर्यादेला पोचताच पूल पुरवठा तोडतो. प्रवाह किंचित उतरला की पुन्हा जोडतो. उंचावरील टाकीचा नळ घागरीतील खुणेवर पाणी येताच बंद करावा व पाणी झिरपून खाली गेले की पुन्हा सोडावा, तसेच हे आहे. टाकीच्या उंचीमुळे पाणी जोराने येते, पण घागर फुटत नाही. ही उघडझाप सेकंदास २०,००० वेळांहून अधिक ठेवण्याची प्रथा आहे, याचे कारण मनुष्याचा कान. त्याखाली गेल्यास वेटोळी व पत्रे बारीक शीळ घालू लागतात. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हा आवाज किती त्रासदायक ठरेल हे सांगावयास नको.

पुरवठा तोडल्यानंतर वेटोळ्यातील प्रवाहाला कोणत्या वाटेने उतरू द्यावयाचे, हाही निवडीचा भाग आहे. खालचे दोन ट्रान्झिस्टर सुरू ठेवून त्याला आतल्या आत फिरू दिले तर तो सावकाश उतरतो. पूल उलटा करून त्याला पुरवठ्याच्या विरुद्ध ढकलले तर झपाट्याने उतरतो. सावकाश उतरणारा प्रवाह शांत असतो, पण उतरत्या वळणावर मागे पडतो. झपाट्याने उतरणारा आज्ञेबरोबर राहतो, पण त्यात थरथर अधिक असते. चांगल्या मंडलात दोहोंचे मिश्रण असते. स्वस्त व महाग मंडलांतील खरा भेद पुष्कळदा येथेच असतो, आणि जाहिरातीत नेमका हाच सांगितलेला नसतो.

मंडल निवडताना पहिली गाठ पुन्हा शब्दाशीच पडते. मोटरीच्या माहितीत '६ अँपिअर' असतात आणि मंडलाच्या माहितीतही '६ अँपिअर' असतात; परंतु हे दोन्ही सहा एकच असतात असे नाही. मोटरीचा आकडा सामान्यतः दोन्ही कलांत एकदम वाहू देता येणारा स्थिर प्रवाह सांगतो. सूक्ष्म पायऱ्यांनी चालविणाऱ्या मंडलात मात्र प्रवाह ज्येच्या वक्राप्रमाणे चढतो-उतरतो, आणि मंडलाचा आकडा बहुधा त्या वक्राच्या शिखराचा असतो. शिखर ६ असले तर उष्णतेच्या दृष्टीने परिणामी प्रवाह त्याच्या १.४१४ व्या भागाइतका, म्हणजे ४.२४ अँपिअर भरतो. सहाच्या मोटरीकडून पूर्ण जोर हवा असेल, तर साडेआठ अँपिअर शिखराचे मंडल पाहिले पाहिजे. ज्याने हा भेद न पाहता निवड केली, त्याची मोटर काही जळत नाही. ती फक्त अपेक्षेपेक्षा तीस टक्के दुबळी राहते, आणि एखाद्या दिवशी भाराखाली घसरते.

आठ तारा बाहेर काढलेल्या मोटरीत हा हिशेब आणखी एका पायरीने करावा लागतो, कारण तेथे प्रत्येक कलेचे दोन अर्ध असतात. दोन्ही अर्ध एकसरीने जोडले तर अर्ध्याच्या मानाने रोध दुप्पट व प्रवर्तकता चौपट होते, आणि प्रवाह ०.७०७ पट लागतो. समांतर जोडले तर प्रवर्तकता अर्ध्याइतकीच राहते, रोध निम्मा होतो व प्रवाह १.४१ पट लागतो. उभ्या मोटरीचा धरून ठेवण्याचा जोर दोन्हींत सारखाच. मंद गतीच्या मेजाला एकसर जोडणी पुरते आणि मंडलही लहान चालते. उच्च प्रवाहाचे मंडल शोधत बाजार हिंडण्यापूर्वी, आपल्याला उच्च प्रवाहाची खरोखर गरज आहे काय, हे तारांची जोडणी पाहून ठरविले तर बराच खर्च वाचेल.

विद्युत् दाब किती असावा, याला कारागिरांत एक ठोकताळा प्रचलित आहे : प्रवर्तकता मिलिहेन्रीत घेऊन तिच्या वर्गमुळाला ३२ ने गुणावे. वरील मोटरीला ६४ व्होल्ट येतात. त्याहून बराच अधिक दाब दिल्यास मोटरीच्या लोखंडात उष्णता वाढते. कमी दिल्यास वरच्या वेगांचा जोर जातो, पण मंद गतीला काही बिघडत नाही. पुरवठ्याच्या प्रवाहाविषयीही एक गैरसमज आहे. दोन कला सहा-सहा अँपिअर घेतात म्हणून ६० व्होल्टचा पुरवठा बारा अँपिअरचा हवा, असे नाही. उभ्या मोटरीत खर्च होतात ते ३६ वॅट. ते ६० व्होल्टवर ०.६ अँपिअरला मिळतात, व मंडलातील तूट त्यात मिळवावी. फिरत्या मोटरीच्या यांत्रिक शक्तीसाठी अधिक लागतो हे खरे. तरीही एका कलेच्या प्रवाहाच्या दोन-तृतीयांश एवढा पुरवठा सहसा पुरेसा होतो.

सूक्ष्म पायऱ्यांचा मोह मोठा असतो. एका पायरीचे २५६ भाग करणारी मंडले मिळतात, आणि १.८ अंशांना २५६ ने भागून ०.००७ अंशाचे माप साधले असा समज होतो. मोटरीच्या दात्यांची अचूकता मात्र बहुधा पायरीच्या ५ टक्के, म्हणजे ०.०९ अंश इतकीच असते. दुसरे असे की, एका सूक्ष्म पायरीने मिळणारा जास्तीचा जोर फार अल्प असतो. सोळा भाग केले असता तो धारण-जोराच्या सुमारे १० टक्के, आणि २५६ भाग केले असता ०.६ टक्के. मेजाच्या खुंटीतील घर्षण याहून अधिक असेल, तर कित्येक सूक्ष्म पायऱ्या दिल्या तरी मेज हालत नाही, आणि मग एकदम उडी घेते. सूक्ष्म पायऱ्यांचा खरा लाभ गतीच्या मार्दवात आहे. मंद वेगात पूर्ण पायऱ्यांमुळे उठणारी थरथर व अनुस्पंदन त्या शमवितात. अचूक कोन हवा असेल, तर तो दातचक्रातून वा आसावर बसविलेल्या कोनमापकातून मिळवावा.

बाजारात मिळणाऱ्या एकसंध चिपांची धाव कोठवर आहे, हे थोडक्यात सांगता येईल. दीर्घकाळ विद्यार्थ्यांच्या हाती असलेली एल २९८ ही चिप प्रत्येक पुलास २ अँपिअरची, आणि तेवढ्या प्रवाहाला तिच्यातच ४.९ व्होल्टपर्यंत दाब खर्ची पडू शकतो. ए ४९८८ ही ३५ व्होल्ट व २ अँपिअरची. डीआरव्ही ८८२५ ही ४५ व्होल्ट व २.५ अँपिअरची, आणि हे आकडेही चांगल्या शीतनासह. त्यापुढे सहा-आठ अँपिअरना नियंत्रण करणारी चिप वेगळी व प्रवाह वाहणारे मॉसफेट बाहेर, हाच मार्ग उरतो. टीएमसी ५१६० ही चिप या जातीची असून बाहेरच्या मॉसफेटांच्या साहाय्याने ६० व्होल्टपर्यंत, २० अँपिअरपर्यंतच्या वेटोळ्यांसाठी ती योजलेली आहे; मात्र ६० हा तिचा कडेलोट असल्याने प्रत्यक्षात ४८ व्होल्टचा पुरवठा देणे शहाणपणाचे.

मंडल स्वतः बांधावे काय? मापन हे साध्य असेल तर बांधू नये. तयार बंदिस्त मंडल घ्यावे. बांधणी हेच शिक्षण असेल, तर ती अवश्य करावी. तेथे गणित अनुकूल आहे : १० मिलिओहमचे दोन मॉसफेट मार्गात असले तर ६ अँपिअरला ०.७२ वॅट एवढीच उष्णता होते, जी जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांत तीन व्होल्टची तूट धरली तरी अठरा वॅट झाली असती. अडचणी आहेत त्या गणितात नव्हेत, मांडणीत. पुलाच्या एकाच बाजूचे वरचे व खालचे मॉसफेट क्षणभरही एकदम सुरू राहिले, तर पुरवठा त्यांच्यातून थेट जमिनीत जातो. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा सुरू होईपर्यंत थोडा मोकळा काळ ठेवावा लागतो. प्रवाहमापक रोध ०.०५ ओहमचा घेतला, तर साडेआठ अँपिअरच्या शिखराला त्यावर ०.४२ व्होल्ट येतात. इतक्या लहान दाबावर सर्व निर्णय अवलंबून असल्याने त्याची जमिनीची तार मोटरीच्या प्रवाहाच्या तारेतून जाऊ देता कामा नये. पुरवठ्याचे मोठे धारित्र पुलाला लागून असावे. हातभर लांब तारांच्या टोकाला नव्हे. आणि ६० व्होल्टच्या पुरवठ्याला १०० व्होल्टचे मॉसफेट घ्यावेत, कारण वेगात असलेला जड भार थांबविताना मोटर जनित्र बनते व ऊर्जा मागे ढकलून पुरवठ्याचा दाब वर चढविते. नियंत्रित पुरवठा ही परत आलेली ऊर्जा शोषून घेईलच असे नाही. मंडले जळण्याचे दुसरे नेहमीचे कारण याहून साधे आहे : प्रवाह सुरू असताना मोटरीची जोडणी काढणे. वेटोळ्यात साठलेली ऊर्जा ०.०७ ज्यूल एवढीच, पण तिला वाट न उरल्यामुळे निर्माण होणारा दाब मॉसफेटांना पुरून उरतो.

मोटर उभी असताना प्रवाह निम्म्यावर आणण्याची सोय बहुतेक तयार मंडलांत असते. त्यामुळे उष्णता एक-चतुर्थांश होते. रात्रभर चालणाऱ्या मापनांत ती अवश्य वापरावी. फक्त भार तिरका वा लटकता असेल, तर उरलेल्या निम्म्या जोराने तो पेलला जातो की नाही हे आधी पाहून घ्यावे.

इतके करूनही मोटर घसरली किंवा नाही हे कसे कळावे? मेजाच्या कडेला एक खाच व तिच्यावर एक प्रकाशीय कळ बसवावी, आणि प्रत्येक मापन-मालिकेच्या शेवटी मेज त्या खाचेवर परत आणून गणती ताडून पाहावी. फरक पडला, तर त्याचा आकारच कारण सांगतो. घसरलेला घूर्णक पुढच्या वा मागच्या दात्यावरच स्थिरावतो. म्हणून मोटरीच्या आसावरील चूक चार पूर्ण पायऱ्यांच्या, म्हणजे ७.२ अंशांच्या पटीतच येते. तशी ती आली, तर प्रवाह, दाब वा वेगवाढीचा दर तपासावा. ती त्या पटीत नसेल, तर मोटर निर्दोष आहे. सांधा आसावर सरकत असावा, किंवा मोटरीच्या तारांशेजारून नेलेल्या संदेशाच्या तारांत आगंतुक स्पंद शिरत असावेत. पहिल्याला पाना पुरतो, दुसऱ्याला आच्छादित तार व वेगळा मार्ग.